लाल टर्बोची डावी सीट

भोगीच्या दिवशी, संध्याकाळी पावणेसात वाजता, न्हावऱ्याहून शिरूरकडं येणाऱ्या रस्त्यावर माझ्या थोरल्या बहिणीवर अन्याय झाला. दिवस आणि वेळ मी मुद्दाम आधी लिहिते आहे. आमच्याकडं अपघात म्हटलं की माणसं लगेच आभाळाकडं बोट दाखवतात. वेळ आली होती, म्हणतात. वेळबिळ काही आली नव्हती. उसाची ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यात उभी होती. तिला मागं दिवा नव्हता, लाल पट्टी नव्हती. ट्रॅक्टरवाल्यानं खबरदारी म्हणून काय केलं होतं, तर उसाचं एक हिरवं वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला, मागच्या फळीत खोचलं होतं. अंधारात हिरवं वाढं! ताई दौंडला शाळेत शिकवते. एसटीनं न्हावऱ्याला उतरून, तिथं लावलेली स्कूटी घेऊन ती रानातल्या घराकडं निघाली होती. तिला ते वाढं दिसलं तेव्हा ते तिच्या तोंडासमोर होतं.

त्याच हंगामाच्या सुरुवातीला आमच्या संघटनेनं साखर कारखान्याच्या गेटवर पत्रकं वाटली होती. मीही दौंडलाच कामाला असते, एका छापखान्यात. ती पत्रकं मी स्वतः जुळवली होती: ट्रॉलीला लाल पट्टी नाही, तर गेटच्या आत प्रवेश नाही, अशी मागणी. ट्रॅक्टरवाल्यांनी पत्रकं घेतली, घडी घालून खिशात ठेवली, काहींनी त्यात तंबाखू बांधली. पट्टी कुणी लावली नाही. त्यांच्यावर माझा राग नाही, किंवा आहे पण कमी आहे. ज्यांच्या वजनकाट्यावरून ती ट्रॉली दिवसातून दोनदा बिनपट्टीची जाते आणि ज्यांना ती दिसत नाही, त्यांच्यावर जास्त आहे.

ताई वाचली. ऑपरेशन करून उजव्या मांडीत सळई बसवली. गुडघा अर्ध्यात येऊन थांबतो, पुढं वाकतच नाही. एसटीच्या पायरीवर तो पाय चढत नाही, वडापच्या जीपमध्ये दाटीत तो ठेवायला जागा नाही. रिक्षा दौंडपर्यंत येत नाही. शाळेनं रजा वाढवत वाढवत दिवाळीच्या सुट्टीपर्यंत आणली आणि सांगितलं, आता सुट्टी संपली की हजर व्हा, नाहीतर जागा भरावी लागेल. त्यांचंही चूक नव्हतं. वर्गात पोरं बसून होती.

म्हणजे गाडी घ्यायची होती. चालवणार मी, कारण घरात मलाच येते. मामाच्या पिकअपवर शिकले. ताई बसणार पुढं, डावीकडं, सीट मागं सरकवून पाय लांब करून. मागच्या सीटवर तिचा पाय मावतच नाही. रोज जाताना आणि रोज येताना, त्याच रस्त्यानं, दिवाळीनंतर, म्हणजे ऐन ऊस सुरू झाल्यावर.

पत्रकात भीती लिहायची नाही, असं मला शिकवलंय. मागणी लिहायची, जबाबदार कोण ते लिहायचं. पण मला भीती वाटत होती. सकाळी चहा ओतताना वाटायची. छापखान्यात मशीनचा पट्टा फटकन वाजला तरी वाटायची.

फाल्गुनात एकदा ताईची कागदपत्रं शाळेत द्यायची होती म्हणून मी मामाची जुनी छोटी गाडी मागून आणली. शेजारी ताई, पाय लांब केलेला, मांडीवर फाइल. न्हावऱ्याच्या पुढं एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या जोडून चाललेला, स्पीकरवर गाणं इतकं मोठं की आमच्या काचा थरथरत होत्या. हॉर्न त्याला ऐकू येणं शक्यच नव्हतं. बराच वेळ मागं राहिले. मग रस्ता मोकळा दिसला आणि मी बाहेर काढली. पहिली ट्रॉली पार झाली. दुसरीच्या मध्यावर समोरून कांद्याचा ट्रक आला. मी पाय पार तळाला दाबला. गाडी ओरडली, पण पुढं सरकेना. डावीकडं उसाची भिंत, समोर ट्रकचे दिवे, आणि ताई.

ताई किंचाळली नाही. तिनं फाइल सोडून दोन्ही हात समोरच्या डॅशबोर्डवर टेकवले आणि अगदी शांत आवाजात, वर्गात सांगतात तसं, म्हणाली, "एसी बंद कर."

मी बंद केला. इंजिनावरचा तेवढा भार उतरला, थोडा जोर आला. ट्रकवाल्यानं चाक खाली मातीत घातलं म्हणून आम्ही आहोत. पुढं एका लिंबाखाली गाडी थांबवली.

"मला चालायला शिकव," ताई म्हणाली. "दौंडपर्यंत चालत जाईन. तुझ्यासंगं नको."

आम्ही दोघी हसलो. पण तिच्या तळहातांचे घामाचे ठसे डॅशबोर्डवर वाळेपर्यंत मी त्यांच्याकडंच बघत होते.

त्या दिवशी माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. मला अशी गाडी हवी, जी मागितल्यावर लगेच पुढं जाईल, आणि नाहीच गेली तर ताईच्या समोर काहीतरी मऊ उघडेल. जोर आणि एअरबॅग. नव्या गाडीची आमची ऐपत नव्हती. मग मला टर्बोवाल्या हॅचबॅकचा शोध लागला: दिसायला चार जणांच्या कुटुंबाची छोटी गाडी, आत मोठ्या गाडीचा दम. शर्यतीची हौस असलेली पोरं ती घेतात, दोन-तीन वर्षांत हौस फिटली की विकतात. चारी चाकांना डिस्क ब्रेक, सहा एअरबॅगा. हौशी लोकांची गाडी मी भीतीपोटी शोधत होते.

संघटनेतल्या मित्रांनी टिंगल केली. "पत्रकात 'वेग आवरा' लिहितीस आन् स्वतःला टर्बो? अगं, तुझ्यावरच मोर्चा काढावा लागंल." मी म्हटलं, काढा, पण लाल पट्ट्या लावून काढा.

दसऱ्याच्या आधी शिरूरच्या बाह्यवळणावरच्या एका गाडीबाजारात ती दिसली. लाल. धूर सोडायच्या दोन नळ्या, काळं छत. गाडीबाजारवाला गळ्यात सोन्याची साखळी घातलेला, तोंडानं गोड. सगळे त्याला शेठ म्हणत. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि माझ्या मागं कुणी दादा-भाऊ आहे का ते बघितलं.

"मॅडम, ही गाडी जरा तापट हाय. तुमच्यासाठी ती पांढरी बघा. नाजूक हाय, पार्किंगला बरी."

"मला पार्क नाही करायची, शेठ. चालवायची आहे."

"व्हय व्हय, चालवा की. चार वर्सं एकाच मालकाकडं हाय. डॉक्टर व्हते. दवाखाना ते घर, घर ते दवाखाना."

शिरूर तालुक्यात जुन्या गाड्या विकणाऱ्यांचं ऐकलं तर डॉक्टरांशिवाय कुणाकडं गाडीच नाही, आणि ते कुठं जातच नाहीत.

मी चावी घेतली. शेठनं आपला माणूस शेजारी बसवला. न्हावऱ्याच्या दिशेनं काढली. पुढं दुधाचा टँकर होता. रस्ता मोकळा होता तेव्हा मी बाहेर काढून पाय दाबला आणि पाठ सीटला चिकटली. टँकर आरशात गेला. इतकंच. मी श्वास घेतला होता, तो सोडायच्या आत टँकर आरशात. फाल्गुनातला तो ट्रक, ती ट्रॉली, ताईचे हात, ते सगळं ह्या गाडीत घडलंच नसतं.

आणि मला आवडलं. खोटं लिहिणार नाही. परत येताना समोर कुणी नसतानाही मी एकदा पाय दाबला. शेजारचा माणूस म्हणाला, "मॅडम, बास की." तेव्हा मी काट्याकडं बघितलं आणि पाय काढून घेतला. ज्या वेगाविरुद्ध मी दोन वर्षं कागद छापले, तो माझ्याच पायात बसलेला होता. उद्या उशीर झाला, पाऊस असला, डोकं तापलेलं असलं, तर हा पाय कुणाचं ऐकेल? पहिली भीती ट्रॉल्यांची होती, दुसरी माझी स्वतःची. दोन्हींवर मला एकच उत्तर दिसत होतं: निदान डावीकडं ताईच्या समोर ती एअरबॅगची पिशवी आहे. मी चुकले तरी ती तिला धरेल. त्या एका गोष्टीवर मी घरी 'हो' म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इसार द्यायला आम्ही तिघं गेलो. ताई, मी आणि आमचे वडील, आप्पा. आप्पांना गाड्यांतलं काही कळत नाही. त्यांचे वडील मेंढरं घेऊन घोड नदीच्या काठानं हिंडायचे. आप्पा स्वतः शेतीत स्थिरावले, पण कुठलीही खरेदी ते अजून बाजारात जनावर घ्यावं तशीच करतात. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, चाकांवर हात फिरवला, दार उघडून वास घेतला. पिशवीत त्यांनी नारळ, लिंबं, हळदकुंकू आणि घोड्यावर बसलेल्या खंडोबाची वीतभर मूर्ती आणली होती. आमच्याकडं गाडी दारात येण्याआधी तिच्यात देव बसतो. शोरूममधून नवी गाडी बाहेर काढताना चावी नंतर, देव आधी. जुनी घेतली तर पहिल्या मालकाच्या देवाची जागा मोकळी ठेवत नाहीत. त्याच जागेवर आपला बसवायचा.

ताई डावीकडं बसली होती, पाय लांब करून. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी शाळेत निघाल्यासारखं काहीतरी होतं. तिनं पर्ससुद्धा शाळेचीच आणली होती.

आप्पांनी उपरण्यानं डॅशबोर्ड पुसला. मग पुन्हा पुसला. मग खाली वाकून तिरकं बघितलं.

"शेठ, आधीचा देव कुठं व्हता?"

"मालक घेऊन गेले की घरी, आप्पा. देव कोन ठेवील का गाडीत?"

"देव नेला. जागा कुठाय त्याची?"

शेठला कळलं नाही. मलाही नाही कळलं. आप्पांनी मला बोलावून ताईच्या समोरच्या काळ्या प्लास्टिकवरून बोट फिरवलं.

"ह्ये बघ बाय. दाराच्या वरची कड उन्हानं करडी पडली. स्टेरिंग घासून चकाकतंय. आन् ह्ये इथलं कोरं करकरीत. चार वर्सं देव बसला असता तर त्याच्या बुडाखाली गोल डाग राहिला असता, भोवतीचं विटलं असतं. चिकटपट्टीचं निशाण राहिलं असतं. काढून जात न्हाई त्ये, तुझ्या मामाच्या गाडीचं बघ. हितं देव कवाच बसला न्हाई. न्हाईतर ज्याच्यावर बसला व्हता, त्ये ह्ये न्हवं."

"मालक देव मानत नसतील," शेठ म्हणाला.

आप्पा हसले. "शिरूरात? डाक्टर? नव्या गाडीत? मग त्याच्या आईनं त्याला गाडीत बसू कसं दिलं?"

बाजूच्या गॅरेजमधला मिस्त्री हात पुसत हे ऐकत उभा होता. तोही हसला. मी मात्र त्या कोऱ्या प्लास्टिकवरून पुन्हा बोट फिरवून बघितलं. डॅशबोर्ड कोणी सहज बदलत नाही. तो तेव्हाच बदलतात, जेव्हा धडकेत आतली एअरबॅग तो फाडून बाहेर आलेली असते.

"मिस्त्री," मी विचारलं, "एअरबॅग आत आहे का, हे कसं कळतं?"

मिस्त्रीनं आधी शेठकडं बघितलं. मग ताईच्या पायाकडं बघितलं. मग म्हणाला, "चावी एक टप्पा फिरवा. इंजिन चालू करू नका. एक लाल दिवा येतो, बसलेल्या माणसाच्या चित्राचा. थोडा वेळ पेटतो आन् इझतो. मंग ठीक."

मी फिरवली. सगळे दिवे पेटले. तेलाचा, बॅटरीचा, हँडब्रेकचा. बसलेल्या माणसाचा दिवा पेटला नाही. पुन्हा फिरवली. पुन्हा नाही.

"बघा की, दिवाच न्हाई," शेठ म्हणाला. "दिवा न्हाई म्हंजी फॉल्ट न्हाई."

"आवो शेठ, पेटून इझला तर फॉल्ट न्हाई," मिस्त्री पुटपुटला. "पेटलाच न्हाई म्हंजी कुनीतरी त्याचा गळा आवळलाय."

मी म्हटलं, ताईच्या समोरचा कप्पा काढा. शेठ म्हणाला, सील तुटेल, वॉरंटी जाईल. चार वर्षांच्या गाडीची कसली वॉरंटी, मी विचारलं. तो म्हणाला, मॅडम, तुम्ही फार शिकल्यात. मी म्हटलं, शिकले नाही, छापते. आप्पांनी मिस्त्रीला नुसतं "काढ बाबा" म्हटलं, आणि त्यानं काढला. ताई सीटवरून उतरली नाही. उतरायला तिला वेळ लागतो, म्हणून मिस्त्री तिच्या पायांच्या बाजूनं वाकून आत गेला. मोबाइलचा उजेड धरला. मग त्यानं हात घालून काहीतरी ओढलं.

फडकं होतं. जुन्या निळ्या बनियनचं घडी घातलेलं फडकं. रिकामा लोखंडी सांगाडा खडखडू नये म्हणून कोंबलेलं.

ते फडकं मिस्त्रीनं ताईच्या मांडीवर ठेवलं, कारण ठेवायला दुसरी जागा नव्हती. तिथं ते पडून होतं आणि आम्ही सगळे त्याच्याकडं बघत होतो. मी काल हीच गाडी पाठ चिकटेपर्यंत पळवली होती. उद्या ताईला घेऊन पळवणार होते. जे तिला धरेल म्हणून मी 'हो' म्हटलं, ते हे होतं.

शेठ आता गोड राहिला नाही, पण ओरडलाही नाही. हळू आवाजात म्हणाला, "हे बघा, सगळ्या जुन्या गाड्यांत असंच असतं. तुम्ही पहिल्याच उघडून बघनाऱ्या. भाव पाडून देतो. गाडी पळतीय ना? आतलं कुनाला दिसतंय?"

आणि तेव्हा ताई बोलली. मला वाटलं होतं ती फडकं त्याच्या तोंडावर फेकेल. ती म्हणाली, "घे."

"काय?"

"घेऊया. दिवाळीनंतर शाळा हाय. दुसरी गाडी कधी मिळायची? तू जपून चालव. मी पट्टा लावीन." तिनं फडक्याची घडी पुन्हा नीट केली. "मागं बसून बघते हवं तर. पाय तिरका करून."

तिनं खरंच प्रयत्न केला. उतरली, मागचं दार उघडलं, बसली, उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घ्यायला लागली. तो येत नव्हता. दुखल्यावर ती ओठ चावते, ते मला माहीत आहे. आप्पांनी तोंड दुसरीकडं फिरवलं. मी बघत राहिले, कारण कुणीतरी बघायला हवं होतं. एका बाजूला तिची नोकरी होती, तिचा वर्ग, ती पर्स. दुसऱ्या बाजूला ते निळं फडकं. आणि निर्णय माझा होता, कारण चाकावर मी बसणार होते.

मी चावी शेठच्या टेबलावर ठेवली. "नको."

तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना ताई म्हणाली, "तुझी पत्रकं तुला लई मोठं करतात. माझी जागा गेली तर काय छापशील?"

आम्ही शेवटी दुसरी घेतली, दौंडातल्या एका निवृत्त रेल्वेवाल्याची. राखाडी, सुस्त, टर्बो नाही. दोनच एअरबॅगा. चावी फिरवल्यावर दिवा पेटतो आणि विझतो. डॅशबोर्डवर त्याच्या गणपतीचा गोल डाग आहे. आप्पांनी खंडोबा तिथं बसवायला काढला तेव्हा गाडी तपासायला आलेल्या त्याच मिस्त्रीनं सांगितलं, एअरबॅगच्या झाकणावर मूर्ती ठेवू नका, पिशवी फुटली तर देवच ताईच्या तोंडावर येईल. आता देव स्टेरिंग आणि काचेच्या मधल्या कोपऱ्यात, माझ्या बाजूला, दोरीनं बांधलेला आहे.

ताई वेळेत हजर झाली. आम्ही पहाटे तासभर आधी निघतो. ट्रॉली लागली की मी तिच्या मागंच चालते, उसाची वाळकी पानं काचेवर येत राहतात, मागचे हॉर्न मारतात, शिव्या देतात. मी ओलांडत नाही. ताईचे हात तरीही डॅशबोर्डवर असतात. मला वाटतं, ते तिला माहीतही नसतं.

पण त्या लाल गाडीचं काय? दसऱ्यानंतर मी बाजारात गेले तेव्हा तिची जागा रिकामी होती. शेठनं सांगितलं, रांजणगावला कंपनीत असलेल्या एका पोरानं नेली, नवं लग्न झालंय, रोज जायला-यायला हवी होती.

"त्याला सांगितलंत?"

"त्यानं विचारलं न्हाई."

मी त्या पोराचा नंबर मागितला, शेठनं दिला नाही. तक्रार अर्ज घेऊन पोलीस ठाण्यात गेले, तर टेबलामागच्या साहेबांनी विचारलं, तुम्ही गाडी घेतली का? नाही ना? मग तुमचं नुकसान काय झालं? मी उभी राहिले आणि मला नीट सांगताही आलं नाही, की कुणाच्या तरी डावीकडं आता एक मुलगी बसते आहे, तिच्या हातातला चुडा अजून हिरवा आहे, तिच्या समोर कोरं करकरीत काळं प्लास्टिक आहे, आणि ती त्यावर विश्वास ठेवून झोपते आहे. रस्त्यात लाल गाडी आरशात आली की मी बाजूला घेते. काचेतून आत बघेपर्यंत ती निघून जाते. ती गाडी फार पळते.

म्हणून हे तुम्हाला सांगते, कारण तुम्ही वाचता आहात आणि ती मुलगी कदाचित वाचत नाही. तुम्ही जुनी गाडी घेतली असेल, कुठलीही, कुठल्याही रंगाची, तर हे वाचून झाल्यावर उठा. आत्ता. तिच्याजवळ जा, चावी एक टप्पा फिरवा, बसलेल्या माणसाचा दिवा पेटतो का आणि विझतो का बघा. नाही पेटला, तर मिस्त्रीला डावीकडचा कप्पा उघडून आत हात घालायला लावा, आणि तोवर डावीकडं कुणालाही बसू देऊ नका.